टोकियोत एकही मेडल नाही, मग टीम फ्लॉप का?

प्रश्न : २०२३ ला बुडापेस्टमध्ये नीरजने गोल्ड मारलं आणि २०२५ च्या टोकियो वर्ल्ड ॲथलेटिक्सवरून आपण रिकाम्या हाताने परत आलो. टीम फ्लॉप गेली असंच म्हणायचं ना?

उत्तर : घसरण झाली हे खरंय. पहिल्या आठ जणांना ८ पासून १ पर्यंत पॉइंट देऊन एक टेबल काढतात, त्यात बुडापेस्टचे आपले १९ होतात (भालाफेकीत नीरज पहिला, किशोर जेना पाचवा, डी. पी. मनू सहावा आणि ४ बाय ४०० रिलेची पोरं पाचवी) आणि टोकियोचे फक्त ९. पण हे ९ कोणी मिळवले ते तर बघा! सचिन यादवची ही पहिलीच वर्ल्ड चॅम्पियनशिप आणि पठ्ठ्याने भालाफेकीच्या फायनलच्या पहिल्याच थ्रोला ८६.२७ मीटर टाकला, आयुष्यातला बेस्ट, चौथा नंबर, ब्राँझ फक्त ४० सेंटीमीटरने हुकलं. त्याच फायनलला नीरज ८४.०३ वर आठवा राहिला, पाठीचा त्रास होता असं त्याने नंतर सांगितलं, आणि पॅरिसचा ऑलिम्पिक चॅम्पियन अर्शद नदीम तर दहावा गेला, म्हणजे असा दिवस कोणाचाही येतो.

आणि आपला नाशिकचा सर्वेश कुशारे? वर्ल्डच्या उंच उडी फायनलला पोचलेला पहिला भारतीय, तिथे २.२८ मीटर, तोही पर्सनल बेस्ट, सहावा नंबर. हाच सर्वेश पॅरिस ऑलिम्पिकला २.१५ वर अडकून फायनलच्या आधीच बाहेर पडला होता हो. त्याच्यावर जेवढं बोलायला हवं होतं त्याच्या पाव भागही बोललं गेलं नाही, मला याचं मनापासून वाईट वाटतं. मेडल मोजायच्या आधी मी एवढंच बघतो की त्या दिवशी खेळाडू स्वतःच्या बेस्टच्या किती जवळ गेला, आणि या दोघांनी तर तो मोडलाच.

प्रश्न : स्टीपलचेसवाला (अडथळ्यांची शर्यत) अविनाश साबळे का नव्हता?

उत्तर : जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगला वॉटर जंपपाशी (अडथळ्यापुढचा पाण्याचा खड्डा) पडला, गुडघ्याचा लिगामेंट गेला. बाकी काही कारण नाही.

प्रश्न : गुलवीर सिंगचा १०,००० मीटरचा रेकॉर्ड २७:००.२२ आहे, टोकियोत जिंकणाऱ्याला २८:५५ लागले, तरी गुलवीर सोळावा कसा? रेकॉर्ड खरा आहे ना?

उत्तर : शंभर टक्के खरा. तो मार्च २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात झाला, अशा रेसला पेसमेकर असतो, तो पुढे राहून ठरलेल्या स्पीडने लॅप काढून देतो, बाकीच्यांनी फक्त चिकटून राहायचं. वर्ल्डला पेसमेकर नसतोच, त्यात टोकियोची उष्णता आणि दमट हवा, मग पुढे जाऊन कोण कशाला स्वतःला जाळेल, सगळे घोळक्यात दबून पळतात आणि शेवटच्या काही लॅपला एकदम स्पीड वाढवतात. फ्रान्सचा जिमी ग्रेसिए तसाच जिंकला, पहिल्या तिघांत अर्ध्या सेकंदाचाही फरक नव्हता. म्हणजे रेस एकूण स्लो असली तरी शेवट भयंकर फास्ट असतो, आणि आपली पोरं मागे पडतात ती तिथे. ५००० मीटरलाही तेच, गुलवीरचा बेस्ट १३ मिनिटांच्या आत आहे आणि टोकियोत हीटमध्येच, म्हणजे फायनलआधीच्या फेरीत, १३:४२ ला बाहेर. त्याला दोष देऊ नका, तो आपला सगळ्यात भारी लाँग डिस्टन्स रनर आहे. पण फक्त पेसमेकरवाल्या रेस पळून टाइम कमी करत बसण्यापेक्षा धक्काबुक्कीच्या, स्लो सुरू होऊन शेवटी फुटणाऱ्या रेस त्याला वर्षभर जास्त मिळायला पाहिजेत, नाहीतर २०२७ ला बीजिंगमध्ये तुम्ही मला परत हाच प्रश्न विचाराल.