स्पायसर चर्चचं विद्यापीठ आहे, आम्ही ख्रिश्चन नाही, मुलीला घालू का? डिग्री चालते का?

घाला. मी मिरजेचा, आम्हीही ख्रिश्चन नाही, १९९८ ला मी स्पायसरला ॲडमिशन घेतली तेव्हा माझे चुलते, तात्या, 'पोरगं हातचं गेलं' म्हणून भावकीत सांगत फिरले होते.

स्पायसर सेवन्थ डे ॲडव्हेंटिस्ट चर्चचं, शनिवार हा देवाचा विश्रांतीचा दिवस मानणाऱ्या ख्रिश्चन पंथाचं. १९१५ ला कोईमतूरला सुरू झालं, मग बंगळुरूकडे, १९४२ पासून पुण्यात औंध रोडला, आणि विद्यापीठ झालं २०१४ ला, विधिमंडळाच्या कायद्याने.

फी परवडत नव्हती म्हणून मी बेकरीत लागलो. हाताने काम करणं तिथे शिक्षणातच धरतात, कोणी हलकं समजत नाही. पहाटे भट्टीतनं ब्रेडचे साचे ओढायचे, मनगटावर दोन डाग अजून आहेत, तासाचे पैसे फीतनं वजा व्हायचे, तिसऱ्या वर्षी वडिलांकडे, अप्पांकडे, एक रुपया मागितला नाही मी. शुक्रवारी सूर्य मावळला की भट्टी बंद, पुस्तकं बंद, ते शनिवारी मावळेपर्यंत. मेसला मटण नाही, चहा पण नाही, पहिला महिना फार जड गेला. प्रार्थनेला बसावं लागायचं, बसलो, पण धर्म बदल असं तीन वर्षांत मला कोणी म्हटलं नाही.

घरी आलो तर तात्या चारचौघांत म्हणाले, पाव भाजायला शिकून आलाय. ह्याच तात्यांचं पोटाचं ऑपरेशन मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात झालेलं, वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ ला उभं केलेलं, ते पण चर्चचंच की! तिथनं तात्या होते त्याच धर्माचे घरी आले ना? हे तेव्हाच तोंडावर बोलायला हवं होतं.

डिग्रीचं म्हणाल तर माझी २०१४ च्या आधीची, तिने त्रास दिला. एका ऑफिसात क्लार्कने सर्टिफिकेट उलटंपालटं करून 'पुणे विद्यापीठाचा शिक्का कुठाय' विचारलं, चार हेलपाटे घातले, शेवटी अर्ज परत. आता कायद्याचं विद्यापीठ आहे, तो प्रश्न तसा नाही. तरी मुलीचा कोर्स यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमात बसतो का ते लेखी घ्या, बीएडसारख्या कोर्सला शिक्षक-शिक्षणाच्या राष्ट्रीय कौन्सिलची (एनसीटीई) मान्यता वेगळी लागते. माझा अनुभव मुलांच्या हॉस्टेलचा आणि जुना, मुलींचं हॉस्टेल मुलीला नेऊन दाखवा.

आणि घरात कोणी तात्या असतील तर त्यांना उत्तर तुम्ही द्या, पोरीवर सोडू नका. माझे अप्पा त्या दिवशी खाली मान घालून बसले होते.