मुलांची वर्गणी आणि घरचा क्यूआर कोड

सुट्टी लागली, पोळा आला की तेच प्रश्न पुन्हा येतात: मुले चांगल्या कामासाठी पैसे गोळा करणार आहेत, कसे करावे? लहान संस्थांचे हिशेब तपासणे हे माझे काम, म्हणून उत्तरेही त्याच अंगाने.

प्र. तान्ह्या पोळ्याला (मुलांच्या पोळ्याला) लाकडी नंदी घेऊन दारोदार जाताना मुलांनी बोजाऱ्यासोबत, म्हणजे नंदीसाठी मिळणाऱ्या पैशांसोबत, वाचनालयासाठीही पैसे मागितले तर? (धरमपेठ)
उ. नको. बोजारा मुलांच्या नंदीचा, तो त्यांनाच राहू द्या.

प्र. रक्कम थोडी असली की परवानगी लागत नाही असे ऐकले. (मनीषनगर)
उ. कोणाकडून? गणेश मंडळे वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क खाली परवानगी घेतात, ती उगाच नाही. पावत्या छापण्याआधी त्या कार्यालयात विचारा. छापून झाल्यावर नव्हे.

प्र. एक कंपनी मुलांना विकायला मेणबत्त्या देते. जास्त विकणाऱ्याला सायकल. (सोमलवाडा)
उ. शंभर रुपयांतले तुमच्या कामाला किती उरतात, ते लेखी मागा. टाळाटाळ झाली तर खोके परत करा. सायकलसाठी मावशी-काकूंच्या गळ्यात मेणबत्त्या मारायला मुले शिकतील, वर्गणी मागायला नाही.

प्र. यजमानांचाच क्यूआर कोड छापून मुलांना दिला. घरचेच खाते, हरकत काय? (त्रिमूर्तीनगर)
उ. आजच काढा. तुमच्या प्रामाणिकपणावर शंका नाही. पण स्कॅन केल्यावर देणाऱ्याला यजमानांचे नाव दिसते, संस्थेचे नाही. त्याच खात्यातून किराणा, पेट्रोल, घराचा हप्ता. महिन्याने वर्गणी कोणती हे त्यांनाही सांगता येणार नाही. एका ठिकाणी मुलांची वही आणि खाते यांत साडेसहाशेचा फरक निघाला. कोणी खाल्ले नव्हते. दोघे देणगीदार ‘नंतर टाकतो’ म्हणाले आणि पोरांनी रक्कम लिहून टाकली. पण पालकांनी बोट दाखवले दहा वर्षांच्या एका मुलीकडे. ती पुन्हा कुठल्याच कामात आली नाही. ते मला अजून सलते. म्हणून खाते संस्थेचेच, पावत्या क्रमांकाच्या, आणि रोज संध्याकाळी मुलांसमोर मोजणी. वहीत मुलांनी लिहायचे, सह्या दोन मोठ्यांच्या. संस्थेचे खाते नसेल तर आधी बँकेत आणि सीएकडे जा, मग डबा बाहेर काढा.

प्र. लकी ड्रॉची तिकिटे विकावीत का? (सक्करदरा)
उ. वकिलाला विचारल्याशिवाय एकही नाही.

प्र. देणगीदार ८०जीची, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट मिळण्यासाठीची, पावती मागतात. (रामदासपेठ)
उ. संस्थेची तशी नोंदणी असेल तर तीच देईल, मुले नाहीत. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट मिळत नाही, तेव्हा मोठी रक्कम चेकने घ्या. बाकी त्यांच्या सीएला विचारू द्या.