तेपिख म्हणजे गालिचा नव्हे

प्रश्न : ताई, मी २५ वर्षांची आहे. जर्मनीतल्या सरकारी स्वयंसेवा योजनेतून, म्हणजे बुंडेसफ्रायविलिगेनडीन्स्टमधून, वर्षभरासाठी आले आहे. श्टुटगार्टजवळच्या एका वृद्धाश्रमात काम करते. तीन आठवडे झाले. एकोणिसाव्या वर्षी मी जर्मनची बी-१, म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा पास झाले होते, पण मधली सहा वर्षं भाषेला हात लावला नाही. येण्याआधी घाईघाईनं उजळणी केली, तरी इथं कान बंद पडल्यासारखे झालेत. आजी-आजोबांचं बोलणं पुस्तकातल्यासारखं वाटतच नाही. मी अडखळले की सहकारी इंग्रजीवर येतात. सगळं पहिल्या धड्यापासून शिकू का? की दुसरी जागा मागू?
– एक वाचक

उत्तर : तू मला ताई म्हटलंस, म्हणून अगं-तूगं करते. २०१४ साली मीही त्याच भागातल्या एका वृद्धाश्रमात, त्याच योजनेतून वर्षभर होते. ही योजना २७ वर्षांपुढच्यांनाही खुली आहे, आणि मी तेव्हा अडतीस वर्षांची होते. माझं कॉलेजातलं जर्मन तर पंधरा वर्षं पडून होतं.

आधी तुझी भीती घेऊ. हॅरी बारिक या मानसशास्त्रज्ञांनी शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या ७३३ जणांची चाचणी घेऊन १९८४ साली निष्कर्ष मांडले. न वापरलेली भाषा पहिली तीन ते सहा वर्षं झपाट्यानं विसरली जाते, मात्र त्यानंतर जे उरतं ते पुढची पंचवीस-तीस वर्षं बरंचसं टिकून राहतं. तुझी सहा वर्षं झालीत. म्हणजे गळायचं ते गळून गेलंय आणि हाताशी आहे ते टिकणारं आहे. विसरलेलं पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवलं होतं. त्यामुळे पहिला धडा उघडू नकोस. त्यातलं तुला येतंय. तुला हवेत ते तुझ्या मजल्यावरचे शब्द, आणि ते त्या पुस्तकात नाहीत.

माझ्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट सांगते. खिडकीशी बसलेल्या एक आजी मला म्हणाल्या, 'तेपिख, तेपिख.' मला शब्द येत होता : तेपिख म्हणजे गालिचा. मी खाली पाहिलं, गालिच्याची मुडपलेली कड सरळ केली, हसून 'या, या' म्हणजे 'हो, हो' म्हटलं आणि निघून गेले. तासाभरानं परतले तर त्यांचे हात गार पडले होते. श्वेबिश या तिथल्या जर्मन बोलीत तेपिख म्हणजे पांघरायची ऊबदार चादर. त्या तेवढीच मागत होत्या. मला आजही ते हात आठवले की वाईट वाटतं. त्या दिवसापासून न समजता 'या' म्हणणं मी सोडलं.

तूही आजपासून सोड. माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे. वर्गात 'हो' म्हणून वेळ निभावते, पण वृद्धाश्रमात त्या 'हो'ची किंमत दुसरं कुणी मोजतं. श्वेबिशमध्ये 'फूस' म्हणजे नुसतं पाऊल नाही, कमरेपर्यंतचा अख्खा पाय. आजोबा 'फूस दुखतोय' म्हणाले तर कुठे ते बोट ठेवून दाखवायला सांग. 'हेबे' म्हणजे तुझ्या पुस्तकात उचलणं, इथं मात्र धरून ठेवणं. उचलायला 'लुपफे' म्हणतात. कुणाला खुर्चीतून उठवताना हा फरक माहीत हवाच. असे शब्द एका छोट्या वहीत लिही, रोज चार-पाच पुरेत. ज्यांच्या तोंडून ऐकला त्यांच्याच समोर दुसऱ्या दिवशी वापर. मला ज्या आजींनी शब्द दिले, त्या मी ते चुकीचे उच्चारले की न कंटाळता पुन्हा म्हणून दाखवायच्या. दिवसभरात त्यांचं नीट ऐकणारं दुसरं कुणी नसायचं.

आता व्याकरण. मराठी माणसाला जर्मन जितकं परकं वाटतं तितकं ते नाही. 'वाइल इख म्यूडे बिन' आणि 'कारण मी दमलेली आहे' शेजारी ठेवून पाहा. 'बिन' आणि 'आहे' दोन्ही शेवटी. इंग्रजीतून उलथापालथ करत बसू नकोस, सरळ मराठीतून जा. आकडेही तसेच : पंचवीसमध्ये आपण पाच आधी म्हणतो, तेही 'फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिख' म्हणजे पाच आणि वीस असंच म्हणतात. तीन लिंगंही आपल्याला नवी नाहीत, फक्त जुळत नाहीत. चंद्र दोन्हीकडे पुल्लिंगी, सूर्य मात्र तिकडे स्त्रीलिंगी. आणि 'झी' हे आदरार्थी संबोधन तर तुला शिकवायलाच नको. आपण 'आजी आल्या' म्हणतो तसंच ते अनेकवचनातून आदर देतात. सहकाऱ्यांशी 'डू', म्हणजे 'तू', चालेल, पण आजी-आजोबांना 'झी'च म्हण, बाकीचे काहीही म्हणोत.

इंग्रजीवर येणाऱ्या सहकाऱ्यांना दोष देऊ नकोस, त्यांना काम उरकायचं असतं. सगळ्यांना 'माझ्याशी जर्मन बोला' सांगून काही होत नाही. एकच माणूस निवड आणि एकच वेळ ठरव. मी पाळी बदलतानाच्या माहितीच्या देवाणघेवाणीनंतरची दहा मिनिटं मागून घेतली होती. तेव्हा जे बोललं गेलं त्यातलं मला काय समजलं ते मी माझ्या जर्मनमध्ये सांगायचे आणि ती परिचारिका चुका सुधारायची. महिन्याभरात मला निम्म्याहून जास्त कळू लागलं.

जागा बदलण्याचं म्हणशील तर भाषेच्या कारणावरून आत्ता नको. दुसऱ्या गावातही बोली असेलच. पण एक पाहा. या योजनेत स्वयंसेवकानं पूरक, मदतीचं काम करायचं असतं, नोकरदाराची जागा भरायची नसते. तुला एकटीला मजला सांभाळायला लावत असतील किंवा औषधं द्यायला सांगत असतील, तर तो प्रश्न भाषेचा नाही. तुझ्या मार्गदर्शक बाईंशी लगेच बोल, आणि तिथं दाद मिळाली नाही तर तुला पाठवणाऱ्या संस्थेशी. २७ च्या आतल्या स्वयंसेवकांना वर्षाला २५ दिवस सेमिनार असतात. तिथं तुझ्यासारखीच परदेशातून आलेली मुलं भेटतील, त्यांनाही विचार त्यांच्या मजल्यावर काय चालतं ते.

आणि उद्या एखाद्या आजींचं वाक्य निसटलं, तर त्यांच्या शेजारी बस, डोळ्यांच्या पातळीला ये आणि म्हण, 'नोख माल, बिटे.' पुन्हा एकदा सांगा ना.