दहा वर्षं उभी असलेली टू-स्ट्रोक चेतक

प्रश्न: बाबांची जुनी चेतक स्कूटर दहा वर्षं शेडमध्ये पडून आहे, किक फिरते पण चालूच होत नाही, मेकॅनिक म्हणतो इंजिन खोला. काय करू?

उत्तर: किक फिरतेय ना, मग लगेच इंजिन खोलू नका हो! आधी टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा, कारण पेट्रोल उडून जातं आणि मागे टू-टी ऑइलचा (टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्ये मिसळतात ते ऑइल) चिकट थर राहतो, तोच कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याची बारीक भोकं, बंद करतो. कार्बोरेटर खोलून जेट हवेने फुंका, तार घालू नका, भोक मोठं होतं. प्लग काढून भोकात थोडं टू-टी ऑइल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी प्लग न लावताच हळू किक मारा. मग प्लग हेडला टेकवून स्पार्क बघा, निळा हवा, नसेल तर नवा प्लग लावून बघा, तरी नाही तर, पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) असतील तर ते घासा. ताजं पेट्रोल, लिटरला २० मिली ऑइल.

आणि हे खरंच महत्त्वाचं, चालू झाल्यावर रेस आपोआप वाढत राहिली तर लगेच बंद करा, क्रँकची ऑइल सील (इंजिनच्या फिरत्या दांड्याभोवतीची रबरी रिंग) बहुधा वाळलेली असणार, तिथून हवा ओढली जाते, इंजिन जास्त तापतं आणि पिस्टन जाम होतो. तेव्हा मात्र इंजिन खोलावंच लागेल. रस्त्यावर काढण्याआधी टायर आणि ब्रेक केबल बदलाच.