आठवी-नववीच्या पोरांना स्वयंपाकात नेमकं काय शिकवायचं?

ताई, तुमची अडचण थोडक्यात अशी: हिंगणघाट तालुक्यातली माध्यमिक शाळा, तुम्ही नव्याने रुजू, मुख्याध्यापकांनी आठवी-नववीला आठवड्यातून एक जोडतास ‘आहार आणि स्वयंपाक’ म्हणून दिलेला, पैसा नाही, वेगळी खोली नाही. त्यात पहिल्याच पालकसभेत ‘पोरी घरी शिकतेतच, पोट्ट्याईले कायले चुलीपाशी बसवता?’ हे ऐकावं लागलं. इथे बऱ्याच जणांनी तुम्हाला संतुलित आहाराचा तक्ता, पोस्टर आणि पाककृती स्पर्धा सुचवली आहे. मी यवतमाळ जिल्ह्यात विज्ञान शिकवतो आणि असा तास बरीच वर्षं घेतो आहे. माझं मत वेगळं आहे.

तक्ता गुंडाळून ठेवा. तो पोरांना पाठ असतो. ‘प्रथिने: डाळी, अंडी, दूध’ असं बिनचूक लिहिणारं पोरगं घरी जाऊन पाच रुपयांचं पाकीट फोडतं, आणि त्याचं कारण अज्ञान नसतं. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत, कधी त्यापुढेही, माय कापूस वेचायला गेलेली असते. कापूस मोजून ती घरी येईस्तोवर अंधार पडतो. पोरगं साडेपाचला घरी येतं, टोपल्यात सकाळची अर्धी भाकर असली तर असते. मग कोनाड्यातले पैसे आणि कोपऱ्यावरचं दुकान. तुमच्या तासाला उत्तर द्यायचं आहे ते या दोन तासांना. तेरा वर्षांच्या पोराला, एकट्याला, घरात आहे त्या सामानातून, पाऊण तासाच्या आत काय रांधता आलं पाहिजे? या प्रश्नावर न टिकणारा पदार्थ कितीही पौष्टिक असला तरी वगळा. पाककृती स्पर्धा तर वगळाच. तिथे आदल्या रात्री आई जागते आणि बक्षीस पोरगी घेते.

दुसरी गोष्ट मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. पीएम पोषणचं, म्हणजे सरकारी योजनेतलं शाळेतलं दुपारचं जेवण आठवीपर्यंतच आहे. सहावी ते आठवीच्या मुलामागे रोज १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी असा निकष आहे. त्यातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत हा हिशेब. तेच पोरगं जूनमध्ये नववीत जातं आणि ताट बंद होतं. अंग झपाट्याने वाढायच्या वयात हे होतं. म्हणून जोडतास एकाच वर्गाला देता येत असेल तर नववीला द्या. आणि पोषणच्या साठ्यातली मूठभर डाळही या तासाला घेऊ नका, साठा नोंदवहीचा घोळ नंतर कोणी निस्तरत नाही. पोषणचा स्वयंपाक करणाऱ्या ताईंना मात्र आग्रहाने बोलवा. शंभर पोरांचं वरण न करपवता करणारी बाई आपल्या दोघांपेक्षा जास्त जाणते, आणि तिला वर्गात खुर्ची मिळाली की पोरंही तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात.

आता पदार्थ. सुरुवातीचे तास विस्तवाशिवाय. मोड आलेली बरबटी (चवळी) किंवा मूग: सोमवारी भिजवले की बुधवारी मोड दिसतात, पोरं मधल्या सुट्टीत येऊन फडकं उघडून बघतात. हरभऱ्याच्या दिवसांत घोळाणा: कोवळे शेंडे स्वच्छ धुऊन, बारीक चिरून, कांदा, दाण्याचा कूट, मीठ, तिखट, वरून कच्चं तेल. मग जवसाची चटणी. मग विळी-चाकू. शेगडी त्यानंतरच. शेगडीवर पहिलं वरण, तेही उघड्या गंजात (पातेल्यात). कुकरची घाई नको. मग चून (बेसनाचं पिठलं), मग भाजी घातलेली मुगाची खिचडी, ज्वारीच्या पिठाची धिरडी, आणि पावसाळा असेल तर डाळ-कण्या घालून आंबाडीची भाजी. भाकर सर्वांत शेवटी. ती थापायला वेळ लागतो, पण पहिली भाकर फुगली की त्या पोराला पुढे काही सांगावं लागत नाही. कुकर उघडणं, वाफ पूर्ण जिरू देणं आणि रेग्युलेटर बंद करणं हा वेगळा एक तास धरा.

भाजल्यावर काय करायचं हे पहिल्याच शेगडीच्या तासाला शिकवा: वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई तर नाहीच. ओढणी कमरेला बांधलेली, वाळूची बादली दाराशी.

सोयाबीनबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे ही सर्वांत विचित्र गोष्ट आहे. गावात घरोघरी सोयाबीनची पोती लागलेली असतात आणि त्याच घरातल्या ताटात प्रथिनं कमी. सोयाबीन आपण विकायला पेरतो, खायला नाही. त्यात प्रथिनं ३५ ते ४० टक्के, म्हणजे तुरीच्या डाळीच्या दीडपटीहून जास्त. पण कच्चं सोयाबीन पचत नाही. त्यातला एक घटक प्रथिनं पचवणाऱ्या रसालाच अडवतो, आणि तो उष्णतेने निकामी होतो. म्हणून रात्रभर भिजवायचं, पाणी फेकायचं, सालं चोळून काढायची, चांगलं उकळायचं, वाळवून भाजायचं, मग दळायचं. बेसनात थोडं हे पीठ मिसळून केलेलं चून पोरं ओळखतही नाहीत. इथे मात्र एक सक्त ताकीद. पेरणीचं उरलेलं बियाणं कधीही नको. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, रंग पाहून कळतं, पण रंग फिका झाला की फसायला होतं. दाणे मोंढ्यावर जाणाऱ्या पोत्यातलेच हवेत.

तसंच रानभाज्यांचं. तरोट्याची (टाकळ्याची) कोवळी भाजी पोरांकडून जरूर खुडून आणवा, त्यांना ती तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली ओळखता येते. पण धुऱ्यावर (बांधावर) तणनाशक मारलं आहे का, शेजारच्या पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी कधी झाली, हे विचारल्याशिवाय एक पानही वर्गात येता कामा नये. घोळाण्याचा पाला तर कच्चा खायचा, आणि घाटेअळीसाठी हरभऱ्यावरही औषध पडतं. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ती गावं पोरांना माहीत आहेत. औषधाचा रिकामा डबा धुऊन त्यात तेल किंवा पीठ भरायची सवय अजून घरांत आहे. आहाराच्या तासात जीवनसत्त्वांच्या आधी हे यायला हवं असं मला वाटतं.

तुम्ही विज्ञानही शिकवत असाल तर प्रयोगशाळेचा फायदा घ्या. पिष्ट ओळखायला आयोडीनचा थेंब भातावर, बटाट्यावर, पाकिटातल्या कुरकुरीत वस्तूवर. तीच वस्तू रद्दी पेपरवर दाबली की तेलाचा डाग. प्रथिनं ओळखायची मोरचूद आणि कॉस्टिक सोड्याची परीक्षा डाळीच्या पाण्यावर केली की जांभळा रंग येतो, भाताच्या पेजेवर जेमतेम. (परीक्षेला घेतलेलं काहीही तोंडात जाणार नाही हे बघा, आपली पोरं काहीही चाखतात.) गणिताच्या सरांना एक तास द्या: पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये असतं, ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे साधारण एक ग्रॅम मीठ, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते. बाकी हिशेब पोरांनाच करू द्या, भाषण नको. दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, पण जास्त मीठ-साखर-तेलाचे पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे, हे शाळा समितीच्या बैठकीत वाचून दाखवायला हरकत नाही.

पोट्ट्यांच्या प्रश्नावर पालकांशी समानतेची चर्चा करून फारसं काही हाती लागत नाही. त्यांना विचारा, लग्नात आचारी कोण असतो? शेतात रोडग्यांचा (गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा) कार्यक्रम असला की गोवऱ्या पेटवून रोडगे कोण भाजतं, वांग्याची भाजी कोण ढवळतं? सगळे बाप्येच. वर्षभर स्वयंपाकात हात न घालणारा बाप त्या दिवशी मिठाचा अंदाज सांगत फिरतो. दुसरा मुद्दा बापाला लगेच पटतो: पोरगं दोन वर्षांनी नागपूर-अमरावतीला खोली करून राहील, पोलीस भरतीची तयारी करेल, तेव्हा मेसचे पैसे कोण भरणार? जपानमध्ये १९९३ पासून माध्यमिक शाळेतल्या मुलग्यांनाही गृहविज्ञान सक्तीचं आहे, पण हे उदाहरण पालकसभेत देऊ नका, शिक्षकांच्या खोलीत द्या. तिथे कोणी नाक मुरडलं तर वर्धा जिल्ह्यातच बसलो आहोत याची आठवण करून द्या. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर सेवाग्रामला जी नई तालीम, म्हणजे गांधीजींची हाताने काम करत शिकायची पद्धत, उभी राहिली, तिच्यात रसोडा (सामूहिक स्वयंपाकघर) हा शिक्षणाचाच भाग होता, मुलगे-मुली दोघांनाही.

गट हजेरी क्रमांकानेच पाडा. पोरांना गट निवडू दिले की कोण कोणाच्या हातचं खातं याची वाटणी पाच मिनिटांत होते, आणि ती का झाली हे तुम्हालाही कळतं, त्यांनाही. क्रमांकाने पाडले की वाद तुमच्याशी होतो, आणि तो तुम्ही निभावू शकता. सामान गोळा करतानाही तसंच. प्रत्येकाने मूठभर आणायचं, पण आदल्या दिवशी, झाकणाच्या डब्यात, वर्गाबाहेर. कोणी काय आणलं, कोणी काहीच आणलं नाही, हे कोणाला दिसू नये. पोरांचे डबे तपासणं आणि वर्गात वजन करणं, दोन्ही टाळा. वजन मोजायला आरोग्य पथक येतं, ते पडद्याआड मोजू दे.

मुलींच्या रक्तक्षयावर लाजत बोलू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी निम्म्याहून अधिक रक्तक्षयी निघाल्या. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. मुली ती खिशात घालतात आणि वाटेत फेकतात, कारण उपाशी पोटी घेतली की मळमळतं आणि शौच काळं झालं की भीती वाटते. जेवल्यावर घ्यायची, काळा रंग साहजिक आहे, एवढं सांगितलं तरी फरक पडतो. स्वयंपाकात याला जोड दोन गोष्टींची: डाळ-पालेभाजीवर लिंबू पिळायचं, आणि जेवणावर लगेच चहा प्यायचा नाही, कारण चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. चहाचं पथ्य घरी कोणी पाळत नाही. तरी सांगत राहा.

आणि खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू. नववीच्या वर्गात तो आहे, ‘आमच्याकडे नाही’ म्हणू नका. हा तास तुम्हाला तो दाखवून देईल. एरवी ठेचा खाणारं पोरगं अचानक साधं तिखटही खाऊ शकत नसेल, तोंडाची आग होते म्हणत असेल, किंवा उभी तीन बोटं तोंडात जात नसतील, तर त्याला रागावू नका, एकट्याला गाठा आणि ग्रामीण रुग्णालयाच्या दातांच्या डॉक्टरांकडे पाठवा. तिथून पुढचं काम त्यांचं.

गुणांचं विचारलं होतं तुम्ही. आठवीला हे कार्यानुभवात सहज बसतं. चवीला गुण देऊ नका. सोमवारी विचारा, शनिवारी दुपारी घरी काय रांधलं, काय बिघडलं, घरातलं कोण जेवलं. करपलं असेल आणि का करपलं हे नीट सांगता आलं, तर पूर्ण गुण. भांडी ज्या गटाने वापरली त्याच गटाने घासायची, आणि ते काम पोरींकडे सरकतंय का यावर डोळा ठेवा. सरकतंच.

शेगडीच्या परवानगीचं पत्र या आठवड्यात मुख्याध्यापकांकडे द्या, सोबत पालकांच्या संमतीचा नमुना जोडा. ती मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. सध्या हरभरा कोवळा आहे, बुधवारच्या तासाला घोळाणा होऊन जाऊ द्या.