डीएनबी फॅमिली मेडिसिन करताना महिनाभर बाहेरच्या देशात जाऊन काही हाती लागतं का?

तुम्ही लिहिलंय की इंदूरला डीएनबीच्या (एमबीबीएसनंतर फॅमिली डॉक्टर होण्याचा कोर्स) दुसऱ्या वर्षाला आहात, चार आठवडे बाहेर जायचंय, यूके की नेपाळ ठरत नाहीये आणि घरचे म्हणतात पैसे कशाला घालवायचे. मी बडोद्याचा, दांडिया बाजारात आमचं क्लिनिक आहे, रेसिडेन्सीत दोन्हीकडे थोडे थोडे दिवस राहून आलोय म्हणून लिहितोय.

यूकेला जीएमसीचं (जनरल मेडिकल कौन्सिल, तिथली डॉक्टरांची नोंदणी करणारी संस्था) रजिस्ट्रेशन नसेल तर फक्त बघायचं, पेशंटला हात लावायचा नाही. मला वाटलं होतं नुसतं खुर्चीत बसून काय शिकणार, पण तिथले जीपी (म्हणजे फॅमिली डॉक्टर) ट्रेनी पेशंटला विचारून आपलं कन्सल्टेशन रेकॉर्ड करतात आणि मग ट्रेनरसोबत बसून तेच बघतात, पेशंटचं बोलणं कुठे तोडलं, त्याला नक्की भीती कशाची होती ते विचारलं का, असं सगळं. माझं पेशंटशी बोलणं तोवर कोणी बसून ऐकलंच नव्हतं हो, राउंडला सगळे डायग्नोसिस विचारायचे. परत आलो तर एक आजी यायच्या, गुडघ्याची गोळी दर वेळी बदलून द्या म्हणायच्या. त्यांना म्हटलं, आजी तुम्हाला काय वाटतं, कशाने होतंय हे? तर डोळ्यात पाणी, म्हणाल्या बहिणीचा पाय कापला होता, माझाही जाणार. बहिणीला डायबिटीस होता, यांना नाहीच. नीट समजावून सांगितलं, त्यानंतर गोळी बदलायचं नाव काढलं नाही त्यांनी.

नेपाळचं अगदी वेगळं. त्रिभुवन विद्यापीठात 1982 पासून एमडीजीपी (जनरल प्रॅक्टिसमधली एमडी) आहे, आणि हे जीपी डोंगरातल्या हॉस्पिटलात सिझेरियन करतात, फ्रॅक्चर बसवतात, कारण तिथे गायनॅक नाही, ऑर्थो नाही, खाली न्यायचं तर रस्ता कधी बंद असेल सांगता येत नाही. आपल्याला व्हिसा लागत नाही, खर्च यूकेच्या मानाने खूपच कमी, हिंदीत बरंच भागतं. फक्त हाताने काम करायचं असेल तर परवानगीचं आधीच विचारून घ्या, माझी झाली होती म्हणून लेबर रूममध्ये उभं राहता आलं.

पुढे झाबुआ-अलिराजपूरसारख्या आदिवासी भागात काम करायचा विचार असेल तर डोळे मिटून नेपाळ. शहरातच बसणार असाल तर यूके, पण जिथे ट्रेनी आहेत अशीच प्रॅक्टिस शोधा, नाहीतर नुसतं कॉम्प्युटर स्क्रीन बघून याल. आणि त्याआधी जमलं तर आठवडाभर जामखेडला जा, आरोळे डॉक्टर नवरा-बायकोंनी 1970 मध्ये सुरू केलेलं काम आहे, गावातल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन उभं केलेलं. ते बघायला परदेशातले लोक तिकडून इकडे येतात, आपण मात्र जात नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

रजेचं मात्र डिपार्टमेंटकडून लेखी घ्या, ठरलेल्या रजेपेक्षा जास्त दिवस झाले की ट्रेनिंग तितकं लांबतं. मेल लिहायला मदत हवी असेल तर खाली विचारा, मी मसुदा टाकतो.