स्कूटरवर सहा ई-चलानं आहेत. भरून टाकू की लोकअदालतीची वाट पाहू?

प्रश्नाखाली तुम्ही दिलेली माहिती अशी: ॲक्टिव्हा तुमच्या नावावर, सहा चलानं मिळून साडेचार हजार, त्यातली दोन तुम्ही कधी गेलाच नाहीत अशा ठिकाणची, आणि स्कूटर अधूनमधून मेव्हणा नेतो. लोकअदालतीत निम्म्यात मिटतं असं ऑफिसात कोणीतरी सांगितलं म्हणून थांबलाय. न भरल्यास काय होतं तेही विचारलंय.

निम्म्याचं डोक्यातून काढून टाका. लोकअदालत ही तडजोडीची जागा आहे, तिथे ठरलेली सूट नसते. वर्षातून साधारण चार वेळा राष्ट्रीय लोकअदालत भरते आणि प्रत्येक वेळी आधी आठवडाभर 'पन्नास टक्के माफ'चे मेसेज फिरतात. त्या मेसेजच्या भरवशावर थांबलेली माणसं आमच्याच बिल्डिंगमध्ये आहेत, आणि दरम्यान त्यांची चलानं वाढतच गेलीत.

पण मी लिहायला बसले ते लोकअदालतीमुळे नाही. 'मेव्हणा नेतो' हे तुम्ही ज्या सहजपणे लिहिलंय, त्यामुळे.

आमची स्कूटर बाबांच्या नावावर होती. बाबा मुंबईच्या बेस्ट बससेवेत ड्रायव्हर, २९ वर्षं गाडी चालवली. घरी आल्यावरही डायरीत किलोमीटर लिहायची सवय, ती रिटायर झाल्यावर स्कूटरसाठी चालू राहिली. पेट्रोल किती, हवा कधी भरली, सगळं तारखेसकट. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमच्या इमारतीखाली ती स्कूटर रोज सकाळी फडक्याने पुसलेली असायची. २०२१ मध्ये गुडघ्यांनी दगा दिला आणि दिवाळीनंतर विकायचं ठरलं.

दादाने गिऱ्हाईक आणलं. आमच्याच गावचा, देवगडकडचा एक मुलगा, भांडुपला राहणारा. अठरा हजारांना सौदा झाला, रोख. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर बाबांच्या सह्या घेतल्या, तारखेची जागा कोरी ठेवली आणि सगळे कागद त्याच्या हातात दिले. आमच्याकडे एक झेरॉक्ससुद्धा नाही. मी तेव्हाच विचारलं होतं की आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, नावावर कधी करणार? दादा म्हणाला, "अगं गाववाला आहे तो. पळून चाललाय का कुठे?" मी पुन्हा विचारल्यावर वहिनीसमोर म्हणाला की हिला सगळीकडे चोरच दिसतात. ते वाक्य मी विसरलेले नाही.

कायदा या बाबतीत अगदी सरळ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नावबदलाचा अर्ज करायचा. आमच्याकडून कोणी कळवलं नाही आणि त्या मुलाने अर्ज केला नाही. म्हणजे सरकारदरबारी स्कूटर बाबांचीच राहिली.

२०२३ च्या पावसाळ्यात मी माहेरी गेले तर बाबा गप्प. दुपारी खाली कट्ट्यावर जायचे, तेही बंद. आईला वाटलं तब्येत. दोन दिवसांनी शेजारच्या मुलाकडून कळलं की बाबांच्या मोबाइलवर लोकअदालतीची नोटीस आली होती. त्याआधीचे चलानाचे एसएमएस त्यांनी उघडलेच नव्हते. नोटिशीत 'अदालत' हा शब्द वाचला आणि माणूस हादरला. ७४ वर्षांचं वय, आयुष्यात कोर्टाची पायरी चढलेली नाही. त्यांनी शेजारच्या त्या मुलाला एक हजार रुपये रोख दिले आणि त्याच्या फोनवरून दोन चलानं भरायला लावली. घरात कोणाला सांगू नकोस म्हणाले. उरलेली पेन्शन आल्यावर भरणार होते.

मी वेबसाइट उघडली. महाट्रॅफिक ई-चलान म्हणून जी सरकारी साइट आहे, तिथे गाडीचा नंबर आणि चॅसी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की सगळी चलानं फोटोसकट दिसतात. सात होती. बाबांनी भरलेली दोन, एक सिग्नलचं आणि एक हेल्मेटचं, पाचशे-पाचशेची. राहिलेली पाच मिळून साडेतीन हजार: हेल्मेटची चार पाचशेची, आणि दुसऱ्यांदा सिग्नल तोडल्याचं दीड हजारांचं. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून नवे दर लागू झाले तेव्हापासून पहिला सिग्नल पाचशे आणि पुढचा दीड हजार, हे तुम्हाला माहीत असेलच.

बाबांना मी फोटो दाखवले. अमर महलच्या सिग्नलला झेब्रा क्रॉसिंगच्या पार पुढे गेलेली त्यांची स्कूटर, वर दोन पोरं, दोघांच्याही डोक्यावर काही नाही. बाबा बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "माझ्या नावावर सिग्नल तोडल्याचं लिहिलंय." पैशांबद्दल एक शब्द नाही. मला त्या क्षणी दादाचा इतका राग आला की मी तिथूनच फोन लावला.

दादाचं म्हणणं, भरून टाकू ना, साडेतीन हजारांचा प्रश्न आहे, मी देतो. कशाला त्या पोराच्या दारात जायचं, गावात बोभाटा होईल, मांडवली करून मिटवू.

मी नाही म्हटलं, आणि का म्हटलं ते नीट सांगते, कारण तुमच्याही कामाचं आहे. फोटोतलं मागचं पोरगं मला अठराच्या आतलं वाटलं. उद्या अशाच एखाद्या पोराच्या हातात हँडल असतं तर? २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९९ अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. आपल्या नकळत किंवा आपण खबरदारी घेऊनही झालं, हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावरच. आणि मालक म्हणजे आरसीवर ज्याचं नाव तो. अपघाताच्या नुकसानभरपाईबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच सांगितलंय की गाडी विकली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची. त्या स्कूटरचा विमा संपून वर्ष झालं होतं. त्या दोन पोरांनी कोणाला उडवलं असतं तर कन्नमवार नगरातली बाबांची खोली पणाला लागली असती. साडेतीन हजार भरून यातलं काहीही मिटत नव्हतं. नुसतं भरणं म्हणजे स्कूटर घेणाऱ्या त्या मुलाला आणखी दोन वर्षं बाबांच्या नावावर फिरायची मोकळीक देणं.

पुरावा काय होता? बाबांची डायरी. 'स्कूटर दिली', तारीख, मुलाचं नाव, रुपये १८,०००, आणि शेवटचं किलोमीटर रीडिंग. शिवाय चावी देताना वहिनीने काढलेला एक फोटो, त्यात नंबरप्लेट स्पष्ट. एवढ्यावर मी रविवारी सकाळी भांडुपला गेले. एकटी. त्या मुलाची आई घरात होती. तिने डायरीचं पान वाचलं, चलानाचे फोटो बघितले आणि मुलाला झोपेतून उठवलं. भांडण झालं नाही. तो म्हणाला, नावावर करायचं राहून गेलं, दंडाचे मेसेज तर काका भरत असतील असं वाटलं. 'काका भरत असतील'! दोन चलानं भरली गेलेली त्याने साइटवर पाहिली होती, म्हणून त्याला खात्रीच झाली होती.

त्याने पाचही चलानं त्याच दिवशी भरली. बाकी असताना नावबदलाचं काम पुढे सरकत नाही, त्यामुळे तशीही त्याची सुटका नव्हती. नवा विमा काढला, नव्याने सह्या केल्या, या वेळी तारखा घालून आणि प्रत्येक कागदाची झेरॉक्स घेऊन. वडाळ्याच्या आरटीओत मी त्याच्यासोबत गेले. आरसी त्याच्या नावावर झाल्यावर तो बाबांना भेटायला आला आणि त्यांनी भरलेले हजार रुपये त्यांच्या हातात दिले. बाबांनी डायरीत नोंद केली. दादा आजही म्हणतो की मी हजार रुपयांसाठी गाववाल्यांत शोभा केली. त्या मुलाची आई मात्र दर गणपतीत माझ्या आईला भेटते आणि आधी माझी चौकशी करते. शोभा झाली असती तर असं झालं नसतं, हे मी दादाला तीनदा सांगितलंय.

आता तुमची सहा चलानं.

आधी प्रत्येकाचा फोटो उघडा. मोबाइलवर आलेल्या लिंकवरून नको, साइटचा पत्ता स्वतः टाइप करून. व्हॉट्सॲपवर चलान म्हणून एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी) आली तर ती हात न लावता उडवा, तिने बँक खातं रिकामं होतं. फोटोत तुम्ही असाल ती चार चलानं आज भरा, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. यूपीआयने भरा किंवा वाहतूक चौकीत जाऊन भरा, पण पावती जपून ठेवा.

ज्या दोन ठिकाणी तुम्ही गेला नाहीत, तिथे दोनच शक्यता. फोटोतली गाडी तुमची नाही, म्हणजे नंबर चुकीचा वाचला गेलाय किंवा कोणी तुमचा नंबर लावून फिरतोय. तसं असेल तर भरू नका. साइटवर आणि ॲपवर तक्रारीची सोय आहे, तिथे तुमच्या गाडीचे पुढून-मागून फोटो आणि आरसी जोडा. कॅमेऱ्याच्या चलानाला गुन्हा आणि नंबरप्लेट दोन्ही स्पष्ट दाखवणारा फोटो, ठिकाण, तारीख, वेळ आणि कलम लागतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १६७ अ मध्ये ते लिहिलंय, आणि नोटीस पंधरा दिवसांत पाठवायची असंही त्यात आहे. फोटोत नंबर दिसतच नसेल तर तक्रारीत तेवढंच ठळक लिहा. नंबर कोणी नकली लावलाय असं वाटलं तर पोलीस ठाण्यात लेखी द्या, त्यात दिरंगाई करू नका.

दुसरी शक्यता म्हणजे मेव्हणा. माझ्या अंदाजाने हीच आहे. गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांनी विचारलं तर सांगणं मालकाला बंधनकारक आहे, कलम १३३. तुम्ही बायकोला वाईट वाटेल म्हणून गप्प राहणार आणि त्याच्या वाटचे स्वतः भरणार, असं मला तुमच्या प्रश्नावरून दिसतंय. करू नका. चलान एकदा भरलं की ते मिटलं. नंतर 'तेव्हा मी चालवत नव्हतो' म्हणायला जागा राहत नाही.

न भरल्यास लगेच आभाळ कोसळत नाही, हेही खरं. लोकअदालतीची नोटीस आली आणि गेला नाहीत म्हणून कोणी पकडायला येत नाही. पण प्रकरण कोर्टात पाठवता येतं, आरटीओची कामं अडतात, आणि नाक्यावर हवालदाराने मशीनमध्ये नंबर टाकला की सगळी बाकी त्याच्यासमोर येते. नोटिशीत तारीख असेल तर ती पाळा. लोकअदालतीत जायचंच असेल तर वकील लागत नाही, कोर्ट फी नाही, पण तिथे जे ठरेल त्यावर अपील नाही, हे लक्षात ठेवून सही करा.

मी वकील नाही, हे आधी सांगायला हवं होतं. सगळं लिहिलंय ते दुचाकीच्या साध्या चलानांबद्दल. यातलं एखादं दारू पिऊन चालवल्याचं असेल तर ते असं पैसे भरून मिटत नाही, तिथे वकील गाठा. टॅक्सी-टेम्पोचे नियम वेगळे आहेत.

आज रात्री जेवण झाल्यावर मेव्हण्याला ते दोन फोटो पाठवा आणि विचारा, हा तूच ना. हो म्हणाला तर पैसे तुमच्या खात्यावर मागवा, रोख नको, आणि ते आल्यावर ती दोन भरा. यापुढे स्कूटर नेताना त्याने तुम्हाला 'गाडी नेतोय' एवढा मेसेज टाकायचा आणि आणून लावल्यावर आणखी एक. तो चिडला तर चिडू दे.